पॉलिसॅकराइडला सल्फेट जोडलं की औषध होतं का?

निशिगंध
नमस्कार मंडळी,
मी सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते. यंदा एमएस्सीच्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पाचा विषय आणला आहे. चिंचोक्यातलं पॉलिसॅकराइड वेगळं काढायचं, त्याला रासायनिक प्रक्रियेने सल्फेट गट जोडायचे आणि मूळ पदार्थाच्या तुलनेत त्याची जैविक क्रिया किती वाढली ते मोजायचं.

रसायनशास्त्राशी संबंध दहावीनंतर सुटला त्यांच्यासाठी थोडक्यात: स्टार्च, सेल्युलोज, कोळंबीच्या कवचातलं कायटिन, गवारगम, अळंबीतले ग्लुकन या सगळ्या साखरेच्या कड्यांच्या लांब साखळ्या. बहुतेक कड्यांवर दोन-तीन हायड्रॉक्सिल गट मोकळे असतात. तिथे सल्फेट, फॉस्फेट, अ‍ॅसिटिल, कार्बॉक्सिमिथिल असे गट बसवता येतात. त्याने साखळीचा विद्युतभार बदलतो, विद्राव्यता बदलते, घडणही बदलते, आणि मग पेशी तिच्याशी वेगळ्या वागतात.

या विषयावर शोधनिबंधांचा पूर आहे. बहुतेकांचा निष्कर्ष एकच, की बदललेला पदार्थ मूळ पदार्थापेक्षा सरस. अँटिऑक्सिडंट, विषाणूरोधक, रक्ताची गुठळी रोखणारा, प्रतिकारशक्ती वाढवणारा. हे सगळं खरं असेल तर औषधाच्या दुकानात या पदार्थांची रांग लागायला हवी होती. ती का नाही? आणि या मुलीला मी होकार द्यावा का? प्रयोगशाळेत काम केलेल्यांनी, डॉक्टर मंडळींनी, सगळ्यांनीच मोकळेपणाने लिहा.

सह्यभटक्या
वाचतोय. वाचनखूण साठवली आहे.

माणदेशी
चिंचोका म्हटल्यावर राहवलं नाही. घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात ती हीच की! चिंचोके भिजवायचे, वाटायचे, शिजवून चिकट खळ करायची आणि ती घोंगडीवर चढवून उन्हात वाळवायची. नवं घोंगडं पुठ्ठ्यासारखं ताठ उभं राहतं ते त्या खळीमुळे. औषधाचं मला कळत नाही, पण चिकटपणाला तोड नाही. ताई, त्या पोरीला चिंचोके लागले तर कळवा, पोतंभर पाठवतो.

तुरटी
निशिगंधताई, विषय चांगला आहे. मी रसायन उद्योगात आहे, म्हणून आधी हाताच्या कामाबद्दल लिहितो.

सल्फेट जोडायची नेहमीची पद्धत म्हणजे क्लोरोसल्फॉनिक आम्ल आणि पिरिडीन. हे आम्ल पाण्याच्या थेंबाशीही भडकून प्रतिक्रिया देतं. प्रयोगशाळेतलं धुराडं (फ्यूम हूड) नीट ओढत नसेल, काचेची भांडी पूर्ण कोरडी नसतील, शेजारी अनुभवी माणूस उभा नसेल तर हा प्रयोग करूच नये. त्याऐवजी सल्फर ट्रायऑक्साइड आणि पिरिडीनचं तयार संयुग मिळतं. ते महाग आहे, पण विद्यार्थ्यांच्या हाती देण्यासारखं आहे. आणि पिरिडीनचा वास कपड्यांतून लवकर जात नाही, हे घरी आधी सांगून ठेवायला सांगा.

आता खरी अडचण. ही प्रक्रिया आम्लधर्मी असते. सल्फेट बसत असतानाच साखळी तुटतही असते. म्हणजे शेवटी हातात आलेला पदार्थ मूळ पदार्थापेक्षा दोन बाबतींत वेगळा असतो: त्यावर सल्फेट आहे, आणि तो आखूड झाला आहे. मग क्रिया वाढली ती कशामुळे? कित्येक निबंधांत हा प्रश्न विचारलेलाच नसतो. त्यामुळे तिसरी बाटली हवी. तेच पॉलिसॅकराइड, तोच द्रावक, तेच तापमान, तेवढाच वेळ, फक्त सल्फेट देणारं द्रव्य नाही. त्यानेही साखळी अगदी तेवढीच तुटेल असं नाही, म्हणून तिन्ही बाटल्यांचा रेणुभार मोजायचा. तरच तुलना खरी.

दुसरं, दर कड्यामागे सरासरी किती गट बसले तो आकडा काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. सेल्युलोजच्या कड्यावर तीन जागा असतात, म्हणून तिथे तो तीनच्या वर जात नाही. कोरड्या डोळ्यांसाठी आपण जे थेंब घालतो त्यातल्या पुष्कळांत कार्बॉक्सिमिथिल सेल्युलोज असतं. कापसाचंच सेल्युलोज, ते पाण्यात विरघळत नाही. कॉस्टिक सोडा आणि मोनोक्लोरोअ‍ॅसेटिक आम्लाने त्यावर गट बसवले की विरघळतं, डोळ्यात पाण्याचा थर धरून ठेवतं. तेव्हा असले पदार्थ दुकानात नाहीतच, असं नाही.

चकली
मला एक कळत नाही. निसर्गाने जे दिलंय त्यात हे सगळं घुसडायचंच कशाला? इसबगोल बघा. पिढ्यानपिढ्या घेतोय, कुणी त्याला काही जोडलं नाही, आणि काम चोख. डिंकाचे लाडू खाऊन बाळंतिणी उभ्या राहिल्या. आधी आहे तेच नीट अभ्यासा ना.

डॉ. रातपाळी
चकलीताई, इसबगोलाबद्दल शंभर टक्के सहमत. पण त्याचं काम आतड्यातच संपतं. पाणी धरायचं, फुगायचं, पुढे सरकायचं. रक्तात जायची त्याला गरजच नाही. रक्तात जाऊन काम करायचं म्हटलं की लांब साखळीपुढे वेगळेच प्रश्न उभे राहतात. मी भूलतज्ज्ञ आहे, आयसीयूतलं लिहितो.

रक्ताची गुठळी रोखणारं हेपरिन हे तर पॉलिसॅकराइडच, आणि त्यावर सल्फेट निसर्गानेच बसवलेले आहेत. डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात. १९१६ पासून माहीत आहे, आणि आजही शस्त्रक्रियागृहात त्याच्याशिवाय पान हलत नाही. पण त्याचा परिणाम रुग्णागणिक बदलतो, सारखं रक्त तपासावं लागतं. मग रसायनशास्त्रज्ञांनी काय केलं? हेपरिनचा बेंझिल एस्टर बनवून अल्कलीने साखळी तोडली. सरासरी रेणुभार सुमारे १५,००० वरून ४,५०० च्या आसपास आला. तेच एनोक्सापारिन. पोटाच्या कातडीखाली टोचायचं, परिणाम अंदाजाबरहुकूम, बहुतेकांना रोजची तपासणी नको. कोविडच्या वॉर्डात ज्यांचे नातेवाईक होते त्यांना ही छोटी सिरिंज आठवत असेल. तेव्हा 'रासायनिक बदल करून जैविक क्रिया सुधारली' याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. आणि इथे जोडलं काहीच नाही, फक्त तोडलं.

आता दुसरी बाजू. स्टार्चला हायड्रॉक्सिएथिल गट जोडले की रक्तातलं अमायलेज हे स्टार्च तोडणारं विकर ते लवकर पचवू शकत नाही. त्यामुळे शिरेतून दिल्यावर ते रक्तात टिकतं, पाणी धरून ठेवतं, रक्तदाब सावरतो. कागदावर सुंदर कल्पना. वर्षानुवर्षं आम्ही या बाटल्या चढवल्या. मग मोठ्या चाचण्यांतून दिसलं की गंभीर रुग्णांत, विशेषतः सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागतात तेव्हा), मूत्रपिंडं बिघडतात आणि मृत्यूही वाढतात. अमेरिकेत २०१३ मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापला गेला. युरोपने २०२२ मध्ये त्याची विक्री परवानगीच स्थगित केली. टिकाऊपणा वाढवला, आणि तोच टिकाऊपणा महागात पडला. ही गोष्ट मी दर वर्षी नव्या निवासी डॉक्टरांना सांगतो.

चकली
डॉक्टर, धन्यवाद. आतड्यातलं काम आणि रक्तातलं काम हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. डिंकाच्या लाडवांवर मात्र मी ठाम आहे.

डॉ. रातपाळी
लाडवांना माझा कधीच विरोध नव्हता. पत्ता पाठवू का?

मिठागर
आमच्या कोकणातलं उदाहरण राहिलं. सोडे करताना कोळंबीच्या सालींचा ढीग पडतो, तो बहुतेक ठिकाणी खतात किंवा खाडीत जातो. त्या सालीत कायटिन असतं. विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना काढायचा, विरळ कॉस्टिकने प्रथिनं काढायची, मग ४०-५० टक्के कॉस्टिकमध्ये तापवायचं. अ‍ॅसिटिल गट निघून जातात आणि मोकळे अमाइन गट उरतात. ते कायटोसान. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने यावर पुष्कळ काम केलं आहे.

एवढ्याशा बदलाने पदार्थाचा स्वभाव पालटतो. कायटिन कशातच सहज विरघळत नाही. कायटोसान व्हिनेगरमध्येही विरघळतं, आणि त्यावर धन भार येतो. तांबड्या पेशींच्या आणि जिवाणूंच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, म्हणून ते त्यांना चिकटतं. याच गुणावर रक्तस्राव थांबवणाऱ्या पट्ट्या बनल्या. अमेरिकेत अशा पट्टीला २००२ मध्ये मान्यता मिळाली आणि इराक-अफगाणिस्तानात सैनिकांच्या जखमांवर त्या वापरल्या गेल्या. जखमेवर बाहेरून लावायची, काम झालं की काढायची. डॉक्टरांच्या मुद्द्याला धरूनच आहे हे. रक्तात फिरायचं नाही, म्हणून जमलं.

एक मर्यादा: सामू साडेसहाच्या वर गेला की तो धन भार ओसरतो आणि कायटोसान साक्यासारखं खाली बसतं. त्यासाठी अमाइनवर तीन मिथिल गट बसवून कायमचा धन भार देतात. ट्रायमिथिल कायटोसान. त्यावर बरंच संशोधन झालंय, पण भार जास्त झाला की ते आपल्या पेशींनाही त्रास देतं.

वाऱ्याची_मोट
सगळेच थोडं जास्त सावध बोलताय असं वाटतं. माझी पीएचडी सल्फेटेड पॉलिसॅकराइडवर झाली. प्रयोगशाळेत हे पदार्थ विषाणूंवर जे काम करतात ते डोळ्यांनी पाहिलंय. विषाणू पेशीवर उतरताना तिच्या पृष्ठभागावरच्या हेपरान सल्फेट या साखळीला धरतात. आपण बाहेरून ऋण भाराच्या साखळ्या टाकल्या की विषाणू त्यांनाच चिकटतो, पेशीपर्यंत पोचत नाही. तर्क पक्का आहे.

आणि औषध झालंच नाही असंही नाही. बीच झाडाच्या लाकडातलं झायलन घेऊन त्याला सल्फेट जोडतात. ते पेंटोसान पॉलिसल्फेट. मूत्राशयाच्या जुनाट दुखण्यावर अमेरिकेत १९९६ पासून मान्यता आहे. वनस्पतीची साखळी, माणसाने जोडलेले सल्फेट, तोंडाने घ्यायची गोळी. निशिगंध, होकार द्या.

लालडबा
वाऱ्याची_मोट, पेंटोसानची गोष्ट पूर्ण सांगायला हवी. बरीच वर्षं घेणाऱ्या काही रुग्णांच्या दृष्टिपटलावर रंगद्रव्याचे डाग आणि दृष्टीच्या तक्रारी आढळल्या. २०२० मध्ये औषधाच्या माहितीपत्रकात तसा इशारा घालावा लागला. बाजारात आल्यावर चोवीस वर्षांनी.

विषाणूंवरच्या तर्काबद्दल तर मला कळकळीने लिहायचं आहे, कारण मी सार्वजनिक आरोग्यात काम करते आणि या इतिहासाची किंमत माणसांनी मोजली आहे.

डेक्स्ट्रान सल्फेट, म्हणजे ग्लुकोजच्या साखळीवर सल्फेट बसवलेला पदार्थ, काचेच्या नळीत एचआयव्हीला रोखतं, हे ऐंशीच्या दशकात दिसलं. जपानमध्ये ते आधीपासून दुसऱ्या कारणासाठी तोंडाने दिलं जायचं, म्हणजे सुरक्षित असणार असा समज. अमेरिकेतल्या रुग्णांनी ते जपानहून मागवून घ्यायला सुरुवात केली, कारण त्यांच्याकडे दुसरं जवळपास काहीच नव्हतं. १९८९ मध्ये संशोधकांनी साधा प्रश्न विचारला, की तोंडाने घेतल्यावर हे रक्तात पोचतं का? जवळजवळ पोचतच नव्हतं. मग शिरेतून देऊन पाहिलं. प्लेटलेट घसरल्या, केस गळले, आणि विषाणू काही हटला नाही. आज हेच डेक्स्ट्रान सल्फेट पाण्यातून पाजून प्रयोगशाळेतल्या उंदरांना मोठ्या आतड्याचा दाह घडवतात, त्या आजाराचा अभ्यास करण्यासाठी.

दुसरी गोष्ट सेल्युलोज सल्फेटची. स्त्रियांना जोडीदाराच्या संमतीवाचून स्वतःचं रक्षण करता यावं म्हणून योनीत लावायचं जेल. किती मोलाची कल्पना! आफ्रिकेत आणि भारतातही चाचणीची केंद्रं होती. जानेवारी २००७ मध्ये चाचणी मध्येच थांबवली, कारण अधल्यामधल्या आकड्यांत जेल वापरणाऱ्या गटातच संसर्ग जास्त दिसत होता. अंतिम हिशेबात तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही, पण संरक्षण मिळत नाही हे उघड झालं. नळीत काम करणारा पदार्थ, माणसात शून्य. ज्या बायकांनी विश्वासाने भाग घेतला त्यांचा विचार केल्याशिवाय 'तर्क पक्का आहे' असं मला म्हणवत नाही.

वाऱ्याची_मोट
लालडबा, सेल्युलोज सल्फेटचा इतिहास मला माहीत आहे आणि तुमची कळकळ मी समजू शकतो. पण डेक्स्ट्रान सल्फेट तोंडाने पोचलं नाही हा मार्गाचा दोष, रेणूचा नाही. इंजेक्शन, नाकातला फवारा, जखमेवरचं जेल असे मार्ग आहेतच.

लालडबा
जेल हाही मार्गच होता, आणि शिरेतून दिलं तेव्हा मार्ग तर थेट होता. अडचण अशी की निव्वळ ऋण भाराने चिकटणारा रेणू निवड करत नाही. विषाणूला चिकटतो तसा रक्तातल्या, स्रावांतल्या शेकडो प्रथिनांनाही चिकटतो. नळीत ती प्रथिनं नसतात.

निशिगंध
अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त मिळतंय. मनापासून आभार. पण मग एक प्रश्न उरतो. हेपरिनवरही ऋण भारच आहे. ते का चालतं?

डॉ. रातपाळी
चांगला प्रश्न. हेपरिन अँटिथ्रॉम्बिन या रक्त गोठणं रोखणाऱ्या प्रथिनाला धरतं ते पाच कड्यांच्या एका ठराविक तुकड्याने. त्या तुकड्यात मधल्या ग्लुकोसामाइनवर तिसऱ्या जागी एक सल्फेट लागतो. तो नसेल तर पकड जवळपास सुटते. नैसर्गिक हेपरिनच्याही साधारण एक तृतीयांश साखळ्यांतच हा तुकडा असतो. पुढे तेवढ्याच पाच कड्या प्रयोगशाळेत पायरीपायरीने जोडून फोंडापारिनक्स हे औषध केलं.

म्हणजे सल्फेट किती आहेत हा प्रश्न नाहीच. पत्रिकेत ग्रह कुठल्या घरात बसलाय ते बघतात, तसं आहे हे.

सह्यभटक्या
शेवटी डॉक्टरही पत्रिकेवर आले! आता या साखळीला कुठला खडा घालायचा तेही सांगा.

तुरटी
डॉक्टरांच्या मुद्द्याला माझ्याकडून जोड. क्लोरोसल्फॉनिक आम्लाला घर कळत नाही. जिथे हायड्रॉक्सिल सहज हाताशी लागतो, बहुधा सहाव्या कार्बनवर, तिथे ते आधी बसतं, मग जमेल तिथे. आणि हे किती धोक्याचं होऊ शकतं ते २००८ मध्ये जगाने पाहिलं.

त्या वर्षी अमेरिकेत डायलिसिसच्या आणि हृदयाच्या रुग्णांना हेपरिन दिल्याबरोबर रक्तदाब कोसळल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. काही जण दगावले. तपासात हेपरिनमध्ये भेसळ सापडली, ओव्हरसल्फेटेड काँड्रॉइटिन सल्फेटची. काँड्रॉइटिन सल्फेट कूर्चेतून मिळतं, स्वस्त असतं. त्याच्या प्रत्येक दोन कड्यांवर चार सल्फेट होईतो रासायनिक सल्फेटीकरण केलेलं होतं. नेहमीच्या तपासणीत रक्त गोठायला किती वेळ लागतो एवढंच बघायचे, आणि त्यात हा पदार्थ हेपरिनसारखाच उत्तीर्ण व्हायचा. पण शरीरात तो कॅलिक्रीन या विकराला पेटवायचा, त्यातून रक्तवाहिन्या सैल करणारं ब्रॅडिकायनिन तयार व्हायचं आणि रक्तदाब खाली. शेवटी रेणूची रचना दाखवणाऱ्या एनएमआर तंत्राने त्याची ओळख पटली. त्यानंतर हेपरिनच्या प्रमाण कसोट्याच बदलल्या.

निबंधांत 'सल्फेट जोडल्यावर रक्त गोठायचा वेळ वाढला' असं वाक्य वाचलं की मला हे प्रकरण आठवतं. त्या भेसळीनेही तो वेळ वाढवलाच होता.

माणदेशी
बाप रे. हे वाचून अंगावर काटा आला. घरात डायलिसिसचा माणूस आहे.

डॉ. रातपाळी
माणदेशी, घाबरू नका. आता हेपरिनच्या प्रत्येक खेपेची त्या भेसळीसाठी वेगळी तपासणी करण्याचा नियम आहे. तरी शंका असेल तर डायलिसिस करणाऱ्या डॉक्टरांना निःसंकोच विचारा.

रसवंती
इतकी निराशा नको. पॉलिसॅकराइडच्या रासायनिक बदलाने लाखो मुलं वाचली आहेत, आणि त्यातला मोठा वाटा आपल्या पुण्याचा आहे. मी लसनिर्मितीच्या क्षेत्रात काम केलंय.

न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस, टायफॉइड अशा जिवाणूंवर पॉलिसॅकराइडचं कवच असतं. ते शुद्ध करून टोचलं तर मोठ्या माणसात प्रतिपिंडं तयार होतात. पण दोन वर्षांखालच्या बाळाचं शरीर त्याची नीट दखलच घेत नाही, आणि स्मृती राहत नाही. कारण टी पेशींना प्रथिनांचे तुकडे कळतात, नुसती साखर कळत नाही. अ‍ॅव्हरी आणि गोबेल यांनी १९२९ ते १९३१ च्या सुमारास दाखवलं होतं की साखर प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडली की सशाचं शरीर तिला जोरकस उत्तर देतं. त्यातून लस व्हायला अर्धं शतक गेलं.

आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात 'ए' गटाच्या मेनिंगोकॉकसने मेंदूज्वराच्या साथी येत. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांवर रुग्ण आणि २५ हजारांहून जास्त मृत्यू झाले. मोठ्या कंपन्यांना यात नफा दिसत नव्हता. पाथ ही आरोग्यक्षेत्रातली ना-नफा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या प्रकल्पाने पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला हाताशी धरलं, आणि जोडणीचं तंत्र अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दिलं. पेरायोडेट या रसायनाने पॉलिसॅकराइडच्या काही कड्या उघडायच्या, तिथे अल्डिहाइड तयार होतात. टिटॅनस टॉक्सॉइडवर, म्हणजे धनुर्वाताच्या निष्प्रभ केलेल्या विषारी प्रथिनावर, हायड्राझीनने गट बसवायचे. दोन्ही एकत्र आणले की जोडले जातात. डोस ५० अमेरिकी सेंटच्या आत बसवला. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली, आणि पुढच्या वर्षांत त्या पट्ट्यातून 'ए' गट जवळपास नाहीसा झाला. २०१२ मध्ये ही लस ४० अंशांपर्यंत चार दिवस शीतपेटीबाहेर ठेवायलाही परवानगी मिळाली. वीज नसलेल्या गावांत त्याचं मोल काय ते सांगायला नको.

पेरायोडेट जास्त झालं तर साखळीची ओळखच मोडते, कमी झालं तर जोडणी होत नाही. सगळं कौशल्य त्या प्रमाणात आहे.

पाऊलवाट
टायफॉइडच्या लसीतही हेच आहे का? आम्ही नवी मुंबईत राहतो. २०१८ मध्ये महापालिकेने ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना टायफॉइडची नवी लस दिली, तेव्हा माझ्या मुलीलाही मिळाली. तिच्या दादाला पूर्वी खासगी दवाखान्यात दिलेली दर तीन वर्षांनी परत घ्यावी लागेल असं सांगितलं होतं, आणि तीही वयाची दोन वर्षं झाल्यावरच देतात असं.

रसवंती
अगदी तेच. दादाला मिळाली ती नुसत्या व्हीआयची, म्हणजे टायफॉइडच्या जिवाणूवरच्या कवचातल्या पॉलिसॅकराइडची, मुलीला मिळाली ती टिटॅनस टॉक्सॉइडला जोडलेली. हैदराबादच्या भारत बायोटेकची. सरकारी पातळीवर ही लस मोठ्या प्रमाणावर देणारी नवी मुंबई जगातल्या अगदी पहिल्या शहरांपैकी.

व्हीआयबद्दल निशिगंधताईंना आवडेल असं एक: त्याची साखळी फळांतल्या पेक्टिनसारखी आहे, फरक मुख्यतः अ‍ॅसिटिल गटांचा. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी पेक्टिनला रासायनिक रीतीने अ‍ॅसिटिल गट जोडले आणि ते प्रथिनाला जोडून उंदरांना टोचलं. उंदरांत व्हीआयविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली. १९९४ चा निबंध आहे. फळातल्या पदार्थाला टायफॉइडच्या जिवाणूचं रूप दिलं म्हणा ना! मला हा प्रयोग फार आवडतो.

आणि अ‍ॅसिटिलचं महत्त्वही सरसकट नाही. मेनिंगोकॉकस 'ए'मध्ये तो गट गेला की लसीचा प्रभाव ओसरतो. 'सी'मध्ये तो काढून टाकूनही उत्तम लस बनते.

वाऱ्याची_मोट
रसवंती, माहिती सुरेख. पण हे धाग्याच्या विषयात बसतं का? इथे साखळीचा गुण वाढवलेला नाही, तिला प्रथिन जोडलंय.

रसवंती
का नाही बसत? साखळीवर रासायनिक प्रक्रिया केली, तिची शरीरावरची क्रिया वाढली. याहून वेगळं काय हवं? फरक एवढाच की इथे काय घडवायचं ते आधी ठरवलं होतं. बाळाच्या टी पेशींना हाक जायला हवी, एवढंच. मग रसायनशास्त्र त्यासाठी शोधलं. निबंधांत बहुधा उलटं असतं. आधी सल्फेट बसवतात, मग पंधरा कसोट्या लावून कशात आकडा वाढला ते बघतात.

वाऱ्याची_मोट
हे मान्य. माझ्या विभागात अँटिऑक्सिडंट कसोटीसाठी वापरतात त्या डीपीपीएच द्रव्याचा जांभळा रंग उतरला की निबंध लिहायला बसायचे, हेही खरं. तो रंग उतरणं आणि शरीरात अँटिऑक्सिडंट असणं यांचा फारसा संबंध नाही.

लालडबा
आणखी एक. 'प्रतिकारशक्ती वाढली' असं पेशींवर दाखवणाऱ्या निबंधांत जिवाणूंच्या एंडोटॉक्सिनची (त्यांच्या आवरणातल्या विषाची) तपासणी आहे का ते आधी बघा. मॅक्रोफाज या जंतू गिळणाऱ्या पेशी एंडोटॉक्सिनच्या लेशमात्र अंशानेही खवळतात. पॉलिसॅकराइड पाण्यात भिजवून, गाळून, दिवसेंदिवस डायलिसिस करून (रुग्णाचं नव्हे, पडद्याच्या पिशवीत भरून पाण्यात ठेवून) काढतात. त्यात जिवाणू वाढायला पूर्ण वाव. मग गुण चिंचोक्याचा की जिवाणूंचा? तपासणीही जपून निवडायची. नालखेकड्याच्या रक्तापासून केलेली नेहमीची चाचणी बीटा ग्लुकनलाही प्रतिसाद देते, त्यामुळे अळंबीवर काम करणाऱ्यांची त्यात फसगत होते.

सह्यभटक्या
सकाळी एक ओळ टाकून गेलो होतो, संध्याकाळी परत आलो तर इथे अख्खा अभ्यासक्रम! निशिगंधताई, निर्णय काय मग?

निशिगंध
विद्यार्थिनीला आज सगळा धागा वाचायला दिला. तिचं म्हणणं, विषय सोडायचा नाही, पण प्रश्न बदलायचा. 'सल्फेट जोडल्यावर क्रिया वाढते का' हे विचारण्यात अर्थ नाही, वाढणारच. तिला विचारायचं आहे, की या सगळ्यात चिंचोक्याच्या साखळीचा स्वतःचा काही वाटा आहे का? म्हणून सल्फेट केलेलं चिंचोक्याचं पॉलिसॅकराइड आणि तेवढ्याच सल्फेटचं विकत मिळणारं डेक्स्ट्रान सल्फेट शेजारी शेजारी ठेवून रक्त गोठण्याचा वेळ मोजायचा. दोन्हीत फरक नसेल तर सगळं काम निव्वळ भाराचं. जोडीला तुरटींनी सांगितलेली तिसरी बाटली. डीपीपीएच वगळलं. प्लाझ्मा जवळच्या रक्तपेढीकडून, रीतसर परवानगीने.

सल्फेटचं प्रमाण आमच्या प्रयोगशाळेत कसं मोजावं? मूलद्रव्यांचं प्रमाण मोजणारा एलिमेंटल अ‍ॅनालायझर नाही.

वाऱ्याची_मोट
फरक आला नाही तरी निकाल लिहाच. असे निकाल छापले जात नाहीत, म्हणून तर सगळं सरस दिसतं. आणि दोन्हींचा रेणुभार जवळपास सारखा निवडा, नाहीतर पुन्हा तोच गोंधळ.

तुरटी
बेरियम क्लोराइड आणि जिलेटिनची जुनी पद्धत वापरा. नमुना एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात बंद नळीत शंभर अंशांच्या वर काही तास तापवायचा, सल्फेट सुटा होतो. मग बेरियम क्लोराइड-जिलेटिन घालून गढूळपणा स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ३६० नॅनोमीटरला वाचायचा. पोटॅशियम सल्फेटची प्रमाणरेषा काढायची. जिलेटिन आदल्या दिवशी करून थंडीत ठेवायचं. आणि तापवण्याआधी नमुन्याचं डायलिसिस पूर्ण झालंय ना ते त्याच बेरियम क्लोराइडने तपासा. बाहेरच्या पाण्यात गढूळपणा दिसला तर मोकळा सल्फेट अजून आत आहे, आणि आकडा खोटा येईल.

माणदेशी
चिंचोके किती किलो पाठवू ते सांगा फक्त. एसटीच्या पार्सलने उद्याच निघतील.